क्लॅरीचा एकतीस नंबर

व्हेल्मा नॉस्केच्या युनिटमागे चार पावलांची फरशी होती आणि त्या चार पावलांत तिने सव्वीस कुंड्या बसवल्या होत्या. जुन्या घरी तिच्याकडे नव्वद झाडं होती, माणसाच्या छातीला लागतील एवढी. नवरा गेला, घर विकलं, आणि गॉलरच्या या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत आल्यावर तिच्या वाट्याला बुटके गुलाब आले. वीतभर झाड, अंगठ्याएवढं फूल. लोक त्यांना खेळण्यातले गुलाब म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक उन्हाळा कुंडीत जगवून दाखवावेत, मग तोंड उघडावं. जमिनीतला गुलाब आपलं पाणी आपण शोधतो. कुंडीतला सर्वस्वी तुमच्या भरवशावर असतो, आणि तुमची एक चूक त्याला पुरते.

सव्वीसपैकी पंचवीस विकत आणलेले होते. सव्विसावा क्लॅरीने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः बी पेरून काढलेला. अशा रोपाला आधी नंबर मिळतो, नाव मागाहून. हा एकतीस. दुधाळ चहाच्या रंगाचं फूल, आणि त्याला वास होता. बुटक्या गुलाबांना सहसा वास नसतो, त्यात नाक खुपसणाऱ्या नवख्याला जुनी मंडळी हसतात. एकतीसला मात्र पिकल्या जर्दाळूचा वास यायचा. पहिलं फूल घेऊन क्लॅरी स्वयंपाकघरात आला, तेव्हा बेचाळीस वर्षांच्या संसारात व्हेल्माने त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

बी पेरून गुलाब काढणाऱ्या क्लॅरीचा एक दंडक होता. नवं झाड सात वर्षं पारखायचं, मग त्याला नाव द्यायचं, आणि तोवर त्याची काडी लावायला परक्या हातात जाऊ द्यायची नाही. त्याच्याकडे एकतीसचीच आणखी दोन झाडं होती, जुन्या घराच्या कुंपणाशी लावलेली. घर विकलं ते जानेवारीत, तिकडे तेव्हा उन्हाळा. भर उन्हाळ्यात गुलाब उपटत नाहीत, म्हणून हिवाळ्यात नेते असं व्हेल्मा नव्या मालकाला सांगून आली. तो बरं म्हणाला, आणि एप्रिलमध्ये आपली होडी ठेवायला त्याने तिथे काँक्रीट ओतलं. विचारलं तर म्हणाला, "अहो, ती झुडपं होय?"

मग उरली ती एकच कुंडी. शहाण्या माणसाने त्याच दिवशी चार काड्या चार जणांना वाटल्या असत्या. व्हेल्माने नाही वाटल्या. क्लॅरी सात म्हणाला होता, आता सात म्हणजे सात. स्वतःपुरत्या काड्या लावून तिने दोनदा पाहिल्या, दोन्ही वेळा त्या काळ्या पडल्या. काड्या लावणं हे घरात क्लॅरीचं काम, तिचा हात छाटणीच्या कात्रीचा. त्या गावात काडीला हात होता तो मर्ल ट्रेगेन्झाचा. मर्लने झाडूची काठी रोवली तरी तिला पानं फुटतील असं गुलाब मंडळात म्हणायचे.

मर्ल तीस वर्षांची मैत्रीण. चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी व्हेल्मा तीन आठवडे इस्पितळात होती, तेव्हा सव्वीस कुंड्यांना पाणी घातलं ते मर्लने. एकही झाड कोमेजलं नव्हतं. व्हेल्मा काठी टेकत फरशीवर आली, तिने आधी एकतीस पाहिला, आणि त्याची एक फांदी कापलेली दिसली. तिरका, स्वच्छ काप.

ती तेव्हा काही बोलली नाही. बोलली ती ऑक्टोबरच्या प्रदर्शनात, हॉलमधल्या चहाच्या टेबलाशी, सगळ्यांदेखत.

"काय गं मर्ल, एकतीसच्या काडीने धरली का मुळं?"

मर्लच्या हातात चहाबरोबरचा स्कोन पाव होता. "कुठली काडी?"

"माझ्याशी नाटक नको. सुकलं फूल खुडायला एवढी फांदी कापावी लागत नाही. चाळीस वर्षं कात्री धरलीय मी."

"अगं, टोकाकडून वाळत चालली होती."

"मग वाळकी फांदी ठेवायचीस ना मला दाखवायला! कुठाय?"

मर्ल काही बोलेना, आणि न बोलणाऱ्याची बाजू कोण घेतो? मागून कुणीतरी हसत म्हणालं, "चोरलेली काडी सगळ्यांत छान फुटते, माझी आई म्हणायची!" टेबलभर हशा झाला. मर्लने कप खाली ठेवला, प्रदर्शनात मांडलेली आपली सहा फुलं बाटल्यांतून काढून घेतली आणि ती निघून गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. त्या दिवसापासून दोघींची बोलचाल बंद. दुकानात समोरासमोर आल्या तर एक ब्रेड बघायची, दुसरी कॅलेंडर.

सातवं वर्ष मे महिन्यात भरणार होतं. तो दिवस व्हेल्माने पक्का धरला होता. क्लॅरीने मनात कुठलं नाव योजलं होतं ते तिला माहीत नव्हतं, पण नाव द्यायचं, नोंद करायची, आणि मग झाड जगात जाईल. तिचं वय एक्क्याऐंशी. क्लॅरीला मूल नव्हतं, कुठल्या पुस्तकात नाव नव्हतं. मागे राहण्यासारखं त्याचं तेवढंच होतं.

यंदाच्या जानेवारीत पारा सलग चार दिवस पंचेचाळीसच्या वर राहिला. आता एक सांगायला हवं. बागेत नवीन आलेल्या प्रत्येकाला व्हेल्मा पहिला धडा हाच द्यायची की उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी फरशीवर सोडा, हाताला गार लागलं की मग कुंडीला द्या. मंडळात तिने यावर दोनदा भाषणं केली होती. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता, तीन दिवस नीट न झोपलेली, रिकाम्या पोटी, ती पडद्याआडून बाहेर बघत होती आणि एकतीसने मान टाकलेली तिला दिसली. ती तशीच धावली, नळ सोडला आणि नळी थेट कुंडीत धरली.

कुंडीखालून वाहून आलेलं पाणी तिच्या अनवाणी पायाला लागलं तेव्हा ती ओरडली. गार पाणी ओतलं, फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला. काही उपयोग झाला नाही. नवव्या दिवशी शेवटचं पान गळलं. तिने नखाने साल खरवडली. हिरवी रेघ दिसली तर जीव आहे. टोकाला तपकिरी, मध्ये तपकिरी, मातीपाशीही तपकिरीच. सात वर्षं व्हायला चार महिने कमी होते. ती फरशीवर बसली आणि आपल्याच हाताला शिव्या देत राहिली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये बसली असताना तिला ते सुचलं, आणि तिला इतकी लाज वाटली की तिने स्तोत्राचं पुस्तक तोंडासमोर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाकडे मागत होती की आपली मैत्रीण चोर निघू दे.

मर्लचं घर दोन गल्ल्या सोडून. व्हेल्मा शेवटी गेली ती महिन्याने, मागच्या फाटकातून, पूर्वी जायची तशी. मर्ल सावलीत बसून कात्रीला तेल लावत होती.

"ये," मर्ल तिच्याकडे न बघता म्हणाली. "चोराच्या घरी आलीयस, पर्स सांभाळ."

व्हेल्माने ऐकलं न ऐकलं केलं. तिचे डोळे कुंड्यांवरून फिरत होते. पन्नासेक असतील, पायऱ्यांवर, खिडकीत, जुन्या बादल्यांत. लाल, पांढरा, पट्ट्यांचा. तिसऱ्या पायरीवर दुधाळ चहाच्या रंगाचं एक फूल होतं. गुडघा दुखत असतानाही ती वाकली, फुलात नाक खुपसून तिने श्वास ओढला. वास नव्हता. पुन्हा ओढला.

"तो दुकानातला आहे," मर्ल म्हणाली. "काय शोधतेयस?"

"मर्ल, मी रागावणार नाही. तू नेलेली काडी जगली का?"

"अजून तेच?" मर्ल उठून उभी राहिली. "चार वर्षं झाली, अजून तेच?"

"एकतीस गेला."

"गेला म्हणजे?"

"नळीचं पाणी. तापलेलं."

"कुणी घातलं?"

"मी."

मर्लने कात्री खाली ठेवली. "कलम केलेलं नव्हतं ते. स्वतःच्या मुळांवर होतं. खालून फुटेल गं."

"महिना थांबले. आज कुंडी उपडी केली. मुळं शिजलीयत." व्हेल्माने मर्लचं मनगट धरलं. "आता सांग. म्हण चोरली म्हणून. मीच दिली होती असं मंडळात सांगेन, माफी मागेन सगळ्यांदेखत. काडी तुझी, झाड तुझं, नाव तू ठेव. फक्त आहे म्हण."

मर्लने तिचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं.

"फांदी वाळत होती, ते खरं होतं," ती म्हणाली. "मी निरोग्या लाकडापर्यंत कापली. काळ्या भागाखाली चांगली काडी निघाली, तीन डोळ्यांची. ओल्या कागदात गुंडाळून इथे आणली. या टेबलावर ठेवली."

"मग?" व्हेल्मा अर्धी उठली. "मग?"

"माती भरली. काडी हातात घेतली, आणि तुझा क्लॅरी डोळ्यांसमोर आला. 'सात वर्षं, मर्ल,' असं मलाही बजावून गेला होता तो. नाही लावली. कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकली. मंगळवार होता, गाडी आली, घेऊन गेली."

"सगळी?"

"सगळी."

"मूर्ख बाई!" व्हेल्मा किंचाळली. "कोण बघत होतं तुला? एका कुंडीने काय होणार होतं? त्या दिवशी हॉलमध्ये तरी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? काडी घरी नेली होती, पण लावली नाही? कोण विश्वास ठेवणार होतं? तू?"

व्हेल्मा परत खुर्चीत बसली.

"चार वर्षं हे गाव मला चोर म्हणतंय," मर्ल म्हणाली. "कधी कधी वाटतं, म्हणवून घ्यायचंच होतं तर चोरी तरी करायला हवी होती."

व्हेल्मा माफीचे शब्द घरून जुळवून आली होती. ते काही तोंडातून निघेनात. निघालं ते भलतंच.

"करायला हवी होतीस," ती म्हणाली.

"हो," मर्ल म्हणाली. "करायला हवी होती."