केळीची कुजबुज

त्रिविक्रम करंदीकरांनी उमेदीची सगळी वर्षं एका डब्याला गप्प बसायला शिकवण्यात घालवली. डबा म्हणजे मायक्रोवेव्ह रेडिओमीटर. जमीन, झाड, माणूस, जे जे उबदार ते ते सूक्ष्म लहरींत काहीतरी कुजबुजत असतं. ओली जमीन वेगळं, कोरडी वेगळं. उपग्रहावर बसून ते ऐकायचं, हे डब्याचं काम. पंचाईत अशी, की डबाही उबदार असतो आणि स्वतःच बडबडतो. घोरणाऱ्याने शेजारची कुजबुज ऐकावी, तसला प्रकार. त्रिविक्रमनी ते घोरणं जवळजवळ बंद केलं होतं.

आता दिल्लीची समिती हो म्हणाली तर डबा अवकाशात जाणार होता. नाही म्हणाली तर परदेशी डबा येणार होता, आणि त्रिविक्रम बंगळुरातल्या राजाजीनगरच्या घराच्या बाल्कनीत निवृत्त होणार होते.

समितीसमोरची चाचणी त्यांच्या संस्थेच्या गच्चीवर होती. डब्याचं तोंड आकाशाकडे, कारण आकाशाइतकं थंड आणि गप्प दुसरं काही मिळत नाही. त्या सकाळी त्रिविक्रम गच्चीवर पोचले आणि दारातच थबकले. डब्याला झेंडूचा हार, कपाळ असावं अशा जागी कुंकू, आणि दोन्ही अंगांना केळीचे दोन खांब, पानं डब्याच्या तोंडावर झुकलेली. बंगळुरात दसऱ्याआधी लेथ मशीनपासून बसपर्यंत सगळ्यांची आयुधपूजा होते. डबा कसा सुटेल?

"संचालकसाहेबांनी काल संध्याकाळी स्वतः बांधले," हाताखालची इंजिनिअर भव्या म्हणाली. डबा जे ऐकतो ते पडद्यावर रेघेत उमटत होतं; तिने तिकडे बोट दाखवलं. वारा आला, पानं हलली, रेघ थरथरली. "सर, केळ म्हणजे नुसतं पाणी. आपला डबा तेच ऐकतोय. कापू का?"

"थांब. विचारून येतो."

संचालक उपेंद्र बेळगावचे. पूजा आणि बदल्या दोन्ही मनापासून करत.

"काय हो त्रिविक्रमराव, दसऱ्याच्या आधी खांब उपटायचे? माझ्या हातचे?"

"सर, आकडे बिघडतायत."

"एवढ्याशा केळीनं बिघडतंय ते यंत्र वर जाऊन काय करणार हो? स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या!"

यावर म्हणण्यासारखं बरंच होतं. त्रिविक्रम कानडीतच 'बरं' म्हणाले, "सरी, सर."

समिती आली, प्रसाद घेतला, पडद्यासमोर बसली. वारा आला. रेघ थरथरली.

"यह नॉइज किसका है?" अध्यक्षांनी विचारलं.

"केले के पेड़ का, सर," त्रिविक्रम म्हणाले.

अध्यक्ष हसले. मग बाकीची समिती हसली. उपेंद्र सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ हसले. भव्याने खिशातला कटर मुठीत धरून त्रिविक्रमांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण ती आडवी.

सुट्ट्या संपल्यावर भव्याने आलेख आणून टेबलावर ठेवला. केळ रोज थोडी वाळली होती, आणि रेघ रोज तेवढीच खाली उतरली होती; शेवटी सुतासारखी सरळ. केळीच्या मरणाची इतकी नाजूक नोंद जगात कुणी घेतली नसेल.

"समितीला पाठवू, सर?"

"अहवाल गेलाय, भव्या. 'देशी यंत्राची संवेदनशीलता अपुरी' असं लिहिलंय."

पुढच्या दसऱ्याला निवृत्तांना पूजेचं आमंत्रण होतं. डबा आता स्वागतकक्षात मांडून ठेवला होता, पॉलिश केलेला. हार, कुंकू, दोन्ही अंगांना केळीचे हिरवेगार खांब.

"बघा," उपेंद्र म्हणाले, "तुमच्या डब्याला केवढा मान!"

"सरी," त्रिविक्रम म्हणाले.

पंख्याच्या वाऱ्याने पानं हलत होती. डब्याला वायर जोडलेली नव्हती.