डावऱ्या हाताची गाठ

शनिवारच्या ओहोटीची वेळ डावऱ्याने कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. उभा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेला माणूस. डावखुरा म्हणून सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचे. औषधांनी बोटं बधिर झाल्यापासून हातातला कप कधी सुटेल याचा नेम नव्हता. वर्षातून एकदा समुद्रात पाकट मासा धरायला जाणं मात्र सुटलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नव्हतं. बायकोनेही विचारलं नव्हतं.

अडचण होती बोटवाल्याची. बालमित्र खरा, पण त्याच्या होडीचा नियम एकच: ज्याचा गळ त्याने बांधायचा. समुद्रात दोरी तुटली तर दुसऱ्यापुढे हात पसरायचा नाही. निघायच्या दोन दिवस आधी तो घरी येऊन एकेक गाठ ओढून बघायचा.

"सोपं काम आहे गं," डावऱ्या टेबलावर सामान मांडत म्हणाला. "हातभर लांब, जाड नायलॉनचा तंगूस, एका टोकाला मोठा गळ, दुसऱ्याला फिरती कडी. त्याच्या वर शिशाचं वजन मोकळं सोडायचं. पाकट तळाच्या वाळूत पसरून आरामात जेवतो. त्याला घाई नसते."

"तुम्हाला तरी कुठे असते? ताट निवलं तरी पेपर सुटत नाही."

तो हसला, मग बराच वेळ खोकला. सहा गळ बांधता बांधता दुपार झाली. शेवटच्या गाठी त्याने दातांनी आवळल्या.

जेवणानंतरच्या गोळीने त्याचा डोळा लागला. तिने एक गळ खिडकीच्या गजात अडकवून ओढला. गाठ अलगद सरकून सुटली. दुसरीही. सहापैकी चारांची तीच गत.

शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखरही शिगोशीग परत करणारी बाई ती. लबाडी तिच्या अंगात नव्हती. आज मात्र तिने मनोमन क्षमा मागितली, तंगूस उचलला आणि बघून बघून पाठ झालेल्या गाठी बांधायला घेतल्या. सहा वेढे, टोक आत, ओलं करून आवळायचं. सहाही गळ नव्याने बांधले.

संध्याकाळी बोटवाला दारातूनच ओरडला, "काय डावऱ्या, आटपलास म्हणे!"

"तुझ्या होडीत चाळीस वर्षं बसून आटपलो नाही, आता काय आटपतोय?"

डावऱ्याने गळ पुढे केले. "बघ. हात गेला म्हणत होतास ना?"

बोटवाल्याने एकेक ओढला. एकही हलला नाही. मग त्याने नखाने वेढे चाचपले आणि क्षणभर तिच्याकडे बघितलं.

"पक्क्या आहेत," तो म्हणाला. "वारा बघून कळवतो."

ती फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली. "भावजी, वारा तर कधीच पडलाय."

"वहिनी, त्याचे वेढे उलट्या अंगाने पडतात. हे सगळे उजव्या हाताचे आहेत."

"चूक माझी. त्यांना कशाला शिक्षा?"

"त्याने सुटणाऱ्या गाठी दाखवल्या असत्या ना, तर चार शिव्या घालून मीच बांधून दिल्या असत्या. नियम गेला खड्ड्यात. पण तुमच्या गाठी त्याने आपल्या म्हणून दाखवल्या. डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून गाठ कुणाची ते सांगायचा हा. आज हातातली गाठ आपली नाही हेही त्याला कळलं नाही." त्याने फाटक उघडलं. "उद्या पायात दोरीचा वेढा पडला तर याला कळायचंही नाही. कसा नेऊ, सांगा?"

तो गेल्यावर तिने फाटकाची कडी लावली.

आत डावऱ्याने चष्मा चढवला होता. "किती वाजता म्हणाला?"

"कळवतो म्हणाले."

"कळवतो काय? ओहोटी थांबणार आहे का त्याच्यासाठी? बरं, एक जास्तीचा बांधून ठेवू. दगडात अडकतो एखादा. धर हे टोक."

तिने टोक धरलं. त्याने डाव्या हाताने वेढे घातले, उलट्या अंगाने. एक, दोन, तीन. चौथ्याला तंगूस बोटांतून निसटला. त्याची बोटं तशीच फिरत राहिली. पाच, सहा. मग त्याने रिकामी चिमूट तोंडाशी नेऊन ओली केली आणि जोर लावून आवळली.

"कशी बसलीय?"

"घट्ट," ती म्हणाली.