डावीकडनं तिसरा

नसरापूरला बनेश्वराच्या शिवरात्रीच्या जत्रेत चिमाजीनं पेटी लावली ती नेहमीच्याच जागी, चिंचेखाली, रेवडीवाल्या गेनबाच्या शेजारी. फक्त औंदा पेटीच्या उजव्या अंगाची जागा रिकामी होती. तिथं त्याची बायको उभी राहायची. बना. कार्तिकात हिवतापानं आठ दिवसांत गेली.

पेटी म्हणजे चित्रांची पेटी. पुढं चार भिंगं, आत गुंडाळीवर चिकटवलेली मुंबई. बाजूचा दांडा फिरवला की एकेक ठिकाण भिंगापुढं यायचं. बोरीबंदर, राणीच्या बागेतला हत्ती, पालवा बंदरावरची कमान, राजाबाईचा मनोरा, महालक्ष्मीचं देऊळ, चौपाटी. सगळ्यात शेवटी ट्रामचा रस्ता, माणसांनी गच्च भरलेला. जुन्या कॅलेंडरांतली आणि गिरणीवाल्यांनी आणलेल्या कार्डांवरची ती चित्रं चिमाजीनं खळीनं डकवली होती. वर्षभर तो मार्गासनीला भात पिकवायचा. पीक घरात आलं की दोघं नवरा-बायको गाडीत पेटी घालून जत्रा करायची.

दांडा चिमाजीचा आणि तोंड बनाचं. मुंबई तिनंही पाहिली नव्हती. पण शिमग्याला गिरणीतली माणसं गावी आली की ती त्यांना धरून बसायची. हत्ती काय खातो, समुद्राचं पाणी रात्री कुठं जातं, ट्रामला बैल नाहीत तर ती वळते कशी. मग जत्रेत पेटीवर थाप मारून ते सगळं असं सांगायची, की बायका भिंगाला डोळा लावून चपला सांभाळायच्या. समुद्रात भिजतील म्हणून.

शेवटच्या चित्राला तर रांग लागायची. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांतला बाप्या मुंबईला गिरणीत. अशा घरातली बायको भिंगापुढं बसली की बना तिच्या सोबतिणीला हळूच विचारायची, "हिच्या मालकाचं नाव काय गं?" आणि मग मोठ्यानं, "बगा, बगा, डावीकडनं तिसरा. लाल फेटेवाला. गिरणी सुटली, निघाला बगा अमका अमका."

चित्र होतं काळं-पांढरं. माणसं मोहरीएवढी. पण बना लाल म्हणाली की लाल.

चिमाजीला हे आवडायचं नाही. "अगं, खोटं कशापायी सांगतीस?" तो म्हणायचा. तो तिला अगंच म्हणायचा. तीस वर्षांत त्यानं तिचं नाव तोंडात घेतलं नव्हतं, जसं तिनं त्याचं.

"मी कुटं काय सांगते? त्यास्नी दिसतंय ते मी बोलते."

एकदा भात मळताना ती म्हणाली होती, "एक डाव मुंबैला न्या की मला."

"रोज बगतीस की पेटीत."

"मी कुटं बगते? मी बाजूला उबी असते."

पुढच्या साली जाऊ, तो म्हणाला. नंतर दरसाल तेच म्हणत गेला. आता हे बोलणं त्याला नांगर धरताना आठवायचं, जेवताना आठवायचं.

जत्रेला तो आला तो मनाशी ठरवूनच. हा एक दिवस करायचा आणि पेटी माळ्यावर टाकायची.

सकाळी चार पोरं बसली. चिमाजी दांडा फिरवू लागला. "हे बोरीबंदर," तो म्हणाला. "हा हत्ती." मग पुढचं सुचेना. बना हत्तीला काय काय म्हणायची, ते तीस वर्षं त्याच्या कानावर पडलं होतं, पण दांड्याकडं लक्ष देता देता त्यातलं एकही वाक्य त्यानं धरून ठेवलं नव्हतं. नुसता दांडा कुरकुरत राहिला.

"काका, मुंबई मुकी झाली का काय?" एक पोरगं म्हणालं. बाकीची हसली.

गेनबानं त्यांना हुसकलं. "चिमाजी, आरं काय बी बोल. मी न्हाई का शिळ्या रेवड्या ताज्या म्हनून देत."

"तुझ्या रेवड्यास्नी तोंड न्हाई, म्हनून चालतंय," चिमाजी म्हणाला.

दुपारी किकवीची ठकुबाई आली, सोबत जाऊ. ठकुबाईचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, नवरा मुंबईला. गेल्या शिवरात्रीला बनानं तिचा नवरा तिला दाखवला होता. ती भिंगाला डोळा लावून बसली. शेवटचं चित्र आलं तशी जाऊ पुढं झाली, "भिमा नाव हाय त्याचं."

चिमाजीनं तोंड उघडलं. "चित्रात कसा असंल त्यो, बाई," तो म्हणाला. "ती कुनाची बी मानसं हायती. कवाची तरी."

ठकुबाई उठली. पदर सारखा केला आणि जावेच्या मागं गर्दीत गेली. चिमाजीला वाटलं, आपण तिच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा वेल्ह्याकडची सखूबाई आली. साठीची बाई, काठी टेकत. कपाळाला आडवं कुंकू. मानमोडीच्या साथीच्या पुढच्या साली तिचा नवरा मुंबईला गेला होता, त्याला अठरा वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. दरसाल ती यायची, मूठभर तांदूळ पेटीवर ठेवायची आणि फक्त शेवटचं चित्र बघायची.

तिनं रिकाम्या जागेकडं पाहिलं. "कवा?"

"कार्तिकात."

सखूबाईनं मूठभर तांदूळ पेटीवर ठेवले. मग बसली, भिंगाला डोळा लावला. चिमाजीनं सगळी मुंबई भराभरा सरकवली आणि ट्रामचा रस्ता आणला. ती वाट बघत बसली.

"बोल की, चिमाजी."

"माज्याच्यानं न्हाई हुयाचं, आक्का. मला खोटं जमत न्हाई. तिलाच जमायचं."

सखूबाईनं डोळा काढला. "ऊठ. बस हितं."

"कशाला?"

"बस म्हनते न्हवं."

तो तिच्या जागी बसला. सखूबाई काठी टेकत उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली, नेमकी बनाच्या जागी, आणि पेटीवर थाप मारली. "बगा, बगा, डावीकडनं तिसरी. ट्रामच्या मागं. हिरव्या लुगड्यातली. बनाबाई, मार्गासनीच्या. मुंबई बगाया आल्यात बगा."

चिमाजी बघत राहिला. डावीकडनं एक डोकं, दोन, तीन. टोप्या, पागोटी. त्या रस्त्यावर बाईच नव्हती. त्यानंच तर ते चित्र डकवलं होतं. तरी तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत डावीकडनं मोजू लागला. मग सगळी डोकी एकमेकांत मिसळली आणि काच धुरकट झाली.

"दिसली का?"

"व्हय," तो म्हणाला.

गेनबाच्या ताटल्यांचा आवाज येत होता.

"मला बी असाच दिसायचा," सखूबाई म्हणाली. "अठरा वरसं."

चिमाजीनं वर पाहिलं. "मग दरसाल कशाला येतीस एवढं चालून?"

"मला त्येंचं नाव घेता येत न्हाई, बाबा. गावात आता कोन काढत न्हाई. दीर न्हाई, पोरं न्हाईत. तुजी बायकू चार लोकांत मोठ्यानं घ्यायची. तेवढं आयकाया येते."

ती परत भिंगापुढं बसली. डोळा लावला. चिमाजी उठला, दांडा धरला. पहिल्यांदा जे आलं ते गेनबालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं," सखूबाई म्हणाली.

"डावीकडनं तिसरा," चिमाजी म्हणाला. "लाल फेटेवाला. गिरणी सुटली, निघाला बगा कोंडिबा."

"अजून एकदा."

"निघाला बगा कोंडिबा. वेल्ह्याकडचा कोंडिबा."

चिंचेखालची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. सखूबाईचा डोळा भिंगालाच होता, आणि हात गुडघ्यावर घट्ट.

ती गेल्यावर चिमाजी ठकुबाईला हुडकत देवळापर्यंत गेला. ती सापडली नाही. किकवीच्या गाड्या मघाशीच सुटल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत त्यानं पेटी गाडीत घातली. बना जिथं बसायची तिथंच ती ठेवली, म्हणजे गाडी एका अंगाला कलणार नाही. नसरापूर मागं पडलं. मार्गासनीच्या वाटेवर पुढं-मागं कोणी नव्हतं.

"बना," तो म्हणाला.

बैलांना वाटलं आपल्यालाच हाक मारली. ते थांबले. चिमाजीनं त्यांना लगेच हाकललं नाही.