वेइकोच्या डाव्या पायाचा बूट

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी बूट आहे, जुना आहे आणि त्यातून डाव्या पायाचा आहे, पण मला घाण वास येत नाही. येतो तो मेणाचा, चरबीचा आणि स्प्रूस झाडाच्या चिकाचा. आमच्या गावात या वासाला कुणी नाक मुरडत नाही. माझा एक जोडीदारही आहे, उजवा. तो इथेच शेजारी बसलाय, पण बोलायचा नाही. त्याच्या वाट्याला सरळ पाय आला, त्यामुळे सांगण्यासारखं त्याच्या आयुष्यात काही घडलंच नाही.

ओरेगनच्या डोंगरात स्प्रूस बेंड नावाचं लाकूडतोड्यांचं गाव आहे. तिथल्या ऑर्वो निस्कानेन या चांभाराच्या दुकानात मी जन्मलो. ऑर्वो तेव्हा तरुण होता आणि भयंकर बडबड्या. आमचं जाड, तेलकट कातडं त्यानं रापीनं कापलं, लाकडी फर्म्यावर ताणून बसवलं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवलं. आरीनं एकेक भोक पाडताना तो भसाड्या आवाजात गायचा. टोचल्याचं दुःख नव्हतं हो मला, पण ते गाणं! तळाला त्यानं लोखंडी खिळे ठोकले, ओल्या ओंडक्यावरून चालताना पाय घसरू नये म्हणून. या खिळ्यांपायी गावातल्या एकाही खाणावळीत आम्हाला प्रवेश नव्हता. मालक बाहेरच थांबवायचे आणि म्हणायचे, "बाबांनो, फरशी कालच घातलीय!"

मला ज्यानं पायात घातलं तो वेइको हॅरमा. झाडं पाडणारा. माणूस उंच, खांदे रुंद आणि बोलणं असं की दिवसाला दहा शब्द झाले तर खूप झाले. आमच्या गावातले फिनलंडहून आलेल्यांचे वंशज सगळेच कमी बोलतात, पण वेइको त्यांच्यातही मुका ठरायचा. बायकोपाशीही तो मानेनंच हो-नाही करायचा.

माझी काळजी मात्र तो अशी घ्यायचा की काय सांगू! जंगलातून आला की आधी बाहेरच्या ओसरीत बसून लाकडाच्या चपट्या काडीनं चिखल काढायचा. मग ओलं फडकं. मग जुनं वर्तमानपत्र चुरगाळून आत कोंबायचा आणि दोन तासांनी ते काढून दुसरं. चुलीपासून लांब, वाऱ्यावर वाळवायचा. पुरता वाळलो की बोटांनी चरबीचं मलम, शिवणीत जरा जास्त. हे सगळं एकटाच करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुणाला शिकवलंही नाही. हे लक्षात ठेवा.

माझ्या आठव्या वर्षी अपघात झाला. ओंडका घरंगळत आला आणि वेइकोच्या डाव्या पायावर बसला. मी जाड होतो म्हणून पाय राहिला, असं डॉक्टर म्हणाले. पण दोन बोटं गेली, मधलं हाड वाकडं जुळलं आणि वर मोठा उंचवटा आला. ऑर्वोनं मला उसवून, ताणून, पुन्हा शिवून त्या पायापुरता केला. त्यानंतर मी आणि तो पाय एकमेकांत इतके मुरलो की दुसरं काहीही घालून वेइकोला धड चालता येईना. इस्पितळानं दिलेला पांढरा खास बूट पलंगाखाली गेला. टपालानं मागवलेल्या नव्या बुटांनी पायाला रक्त काढलं. तो पाय वेइकोनं पुन्हा कधी कुणाला दाखवला नाही. घरातही मोजा घालूनच असायचा. त्याची मुलगी काइसा तेव्हा पाच वर्षांची होती. तिनंसुद्धा तो पाय पाहिला नाही.

वर्षं गेली. जंगलतोड थांबली, खिळे निघाले, ऑर्वोनं मला रबरी तळ लावला. मग दुसरा, मग तिसरा. काइसा शिकून पोर्टलंडला नोकरीला लागली. तिची आई वारली. वेइको ओढ्यापलीकडच्या घरात एकटा राहिला. सकाळी उठायचं, आम्हाला चढवायचं, उतरणीखालच्या पडवीतून लाकडं आणायची, चूल पेटवायची. आता आम्ही फक्त एवढंच काम करायचो, पण रोज करायचो.

एका हिवाळ्यात तो सपाता घालूनच लाकडं आणायला गेला आणि उतरणीवर पडला. हाड मोडलं नाही, पण काइसा धावत आली आणि तिनं कमरेवर हात ठेवले.

"बाबा, पुरे झालं. चला माझ्याकडे."

"चौथा मजला," वेइको म्हणाला. चौथ्या मजल्यावर राहणं हे त्याच्या दृष्टीनं हवेत लटकणं होतं.

"लिफ्ट आहे."

वेइको म्हणाला, "ज्या दिवशी माझी लाकडं मला आणता येणार नाहीत, त्या दिवशी येईन."

"शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून ती दर पंधरा दिवसांनी यायची. अशाच एका शनिवारी वेइको ओढ्यात घसरला आणि आम्ही दोघे काठोकाठ भरलो. शनिवार म्हणजे आमच्याकडे सौनाचा दिवस. अंगणातल्या त्या लाकडी खोलीत दगड लालबुंद तापवायचे, वर पाणी ओतायचं आणि वाफेत बसून घाम काढायचा. आधी पुरुष, मग बायका. वेइकोचं झालं आणि तो थकून लगेच आडवा झाला. बूट तसेच ओले, ओसरीत.

काइसाची आंघोळ झाल्यावर तिला आम्ही दिसलो. बापाचे बूट ओले कसे ठेवायचे? आमच्याकडे सौनाच्या उरलेल्या उबेत सगळंच वाळवतात. मोजे वाळतात, कांदे वाळतात, मासेसुद्धा वाळतात. पोरीनं मायेनं आम्हाला उचललं आणि सौनातल्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात तापलेल्या बाकावर नेऊन ठेवलं. जाताना माझ्या टाचेवर हात फिरवून गेली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, "बाई गं, नको!" पण बुटाचं कोण ऐकतं?

मित्रांनो, ओल्या कातड्याला आच म्हणजे जिवंतपणी भाजणं. आतलं तेल सुटलं, मी आखडत गेलो आणि सकाळपर्यंत माझ्या पुढच्या भागाला आडव्या भेगा पडल्या. उंचवटा बसायचा तिथे तर बोट जाईल एवढी. उजवा दाराच्या फटीशी होता, म्हणून वाचला.

वेइकोनं मला हातात घेतलं. दाबून पाहिलं. कातड्याचा कपटा निघून खाली पडला. पायात घालायचा प्रयत्न केला, पण मी आखडून इतका अरुंद झालो होतो की टाच आत जाईना.

"बाबा, मी... ते ओले होते म्हणून मी..."

"आता घेऊन जा मला पोर्टलंडला," वेइको म्हणाला. "झालं ना तुझ्या मनासारखं? मुद्दाम केलंस."

काइसानं आम्हा दोघांना पिशवीत घातलं आणि गाडीत बसून ती इतकी रडली की मला वाटलं, ही आता खड्ड्यात घालते आपल्याला.

दुकानात ऑर्वोनं मला उजेडात धरलं. तो आता म्हातारा झाला होता, बडबड मात्र जशीच्या तशी. "कुणी केला हा खून?"

"मी, ऑर्वोकाका."

"सौना?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"माझ्या आजीनं पण असेच आजोबांचे बूट भाजले होते. आजोबा वर्षभर तिला 'स्वयंपाकीणबाई' म्हणत होते." तिला हसू आलं नाही हे पाहून तो नरमला. "हे बघ. पुढचं कातडं मेलं. ते कापून टाकावं लागेल. पण घोट्यावरची नळी जिवंत आहे, टाच जिवंत आहे, आणि हा आतला तळवा बघ. चाळीस वर्षांचा ठसा आहे, तो नाही भाजला. मी याला उठवू शकतो. फक्त एक अडचण आहे. तेव्हाची मापं आता चालणार नाहीत, म्हातारपणी पाय बदलतो. मला तुझ्या बापाचा उघडा पाय बघायला हवा."

काइसानं रजा टाकली. ऑर्वोचा हा निरोप सांगायला ती दोनदा घरी गेली. दोन्ही वेळा वेइको म्हणाला, "पाय माझा आहे. जत्रा नाही." पाच दिवस ती दुकानातच बसून होती, ऑर्वोला मेण वितळवून दे, उसवलेले दोरे ओढून काढ. ऑर्वो तिला एकसारखा टोमणे मारायचा. "तापलेल्या वस्तूपासून जरा लांब बस हो, तुझा भरवसा नाही." चौथ्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

आणि मग शनिवार आला. वेइकोच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम त्या घरात आजही पाळला जातो. सौनात भांडायचं नाही. आवाज चढवला तो बाहेर, मग तो घरधनी का असेना. ऑर्वोला हा नियम चांगला ठाऊक होता. त्यानं मला पिशवीत घातलं, वेइकोच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवलं आणि टॉवेल गुंडाळून आत शिरला. त्या दाराकडे बघून माझी उरलीसुरली शिवण आवळली, खोटं कशाला सांगू.

आतून पाण्याचा चर्र आवाज आला. मग ऑर्वो म्हणाला, "पाय पुढे कर."

"चालता हो!"

"आवाज खाली. नियम तुझ्याच बापाचा आहे."

मग वेइको हळू म्हणाला, "तिला मला न्यायचंच होतं."

"न्यायचं होतं ना? मग बूट भाजले तेव्हाच काम झालं. आता हातपाय पसरून घरी बसायचं, पाच दिवस माझ्या दुकानात दोरे कशाला उपसायचे? बोटं बघ एकदा पोरीची, साली निघाल्यात. अरे, तिला बूट कसा वाळवतात हे कधी सांगितलंस तू?"

"नाही."

"बायकोला?"

"नाही."

"मग कुत्र्याला सांगितलंस का? आकाशातून कळणार होतं तिला?"

पुन्हा पाणी पडलं. मग वेइकोचा आवाज आला, "हात गार आहेत का तुझे?"

"पाय दे रे, नवरीसारखा लाजू नकोस."

ऑर्वोनं लाकडाच्या फळीवर कोळशानं पायाची रेघ काढली आणि उंचवट्यावर ओली कातडी पट्टी बांधून त्याचा आकार घेतला. त्या मापानं पुढच्या आठवड्यात फर्म्यावर कातड्याचे थर चढवून उंचवटा केला, माझं मेलेलं तोंड कापून टाकलं आणि नवं शिवलं. यावेळी तो गायला तरी मला राग आला नाही.

वेइको स्वतः दुकानात आला, तो पांढरा इस्पितळी बूट घालून, काठी टेकत. खुर्चीत बसला. ऑर्वो पाठ फिरवून म्हणाला, "माझे हात मेणानं भरलेत. काइसा, तू घाल."

वेइकोची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा उठून जाणार. पण त्यानं स्वतःच वाकून मोजा काढला.

काइसानं तो पाय दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते तिचे, पण तिनं पुसले नाहीत, कारण हात रिकामे नव्हते. मग नवा मोजा चढवला, माझी जीभ सरळ केली आणि टाच आत सरकवली. माझ्या आतला जुना तळवा त्या पायाला लागला आणि मित्रांनो, मी सुखावलो. तिनं एकेका भोकातून नाडी घेत मला बांधलं.

"घट्ट आहे," वेइको म्हणाला.

"नवं कातडं आहे, बाबा. होईल सैल."

त्या संध्याकाळी उतरणीवर पाऊस पडत होता. काइसा खिडकीत उभी राहून बघत होती आणि वेइको आम्हाला घालून पडवीत गेला. लाकडांची मोळी छातीशी धरून तो एकेक पाऊल टाकत वर आला. घसरला नाही. मी घसरू दिलं नाही. मोळी चुलीशी टाकून त्यानं ओसरीत बसकण मारली, आम्हाला काढलं आणि चिखलानं लडबडलेल्या मला तिच्यापुढे धरलं.

"घे."

ती मागे सरली. "नको बाबा, तुम्हीच करा. माझ्याकडून पुन्हा..."

"मुद्दाम म्हणालो ना मी तुला? चुकलो." आणि त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. "बस इथे. आधी काडी. लोखंड लावायचं नाही, ओरखडे पडतात."

मग तो बोलतच सुटला. फडकं किती ओलं हवं, कागद कधी बदलायचा, मलम बोटानंच का लावायचं, शिवणीत ते कसं जिरवायचं. चाळीस वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं. काइसा मधेच म्हणाली, "हे आईला माहीत होतं?" तेव्हा तो थांबला, आणि म्हणाला, "सांगायला हवं होतं."

मित्रांनो, तुमच्या घरात कातड्याचे बूट असतील तर ओले झाल्यावर त्यांना आगीपाशी नेऊ नका, एवढं माझं ऐका. आणि तुम्हाला जे नीट येतं ते घरातल्या माणसांना शिकवा. न शिकवता त्यांच्यावर रागावलात, तर ते मला मुळीच पटणार नाही.

काइसा सोमवारी पोर्टलंडला गेली, एकटीच. आता ती दर पंधरा दिवसांनी येते आणि बूट तीच साफ करते. वेइको शेजारी बसून तिच्या चुका काढतो. खूप काढतो. तिला त्याचा कंटाळा येत नाही.