झुंबरबाईनं ओ दिली

जामखेडहून रूथ सिस्टरचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी पारनेरला घरी लॅपटॉपसमोर बसून पोहे खात होते.

"पंकजाताई, नगर-दोन उघडत न्हाई. व्हीपीएन लागलंय, पण त्या नावाचं कुणी न्हाईच म्हनतंय."

आमच्या दवाखान्याचा मुख्य कॉम्प्युटर नगरला आहे, त्याचं नाव नगर-दोन, सगळ्या पेशंटांच्या फायली त्याच्यात. जामखेडच्या शाखेनं किंवा मी घरून व्हीपीएन जोडलं, की नगरलाच बसल्यासारखं काम चालतं. फक्त नावावरून पत्ता सांगणारं कुणीतरी लागतं आणि नेमकं तेच बिघडतं. कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटी, त्यामुळे शिव्या मला.

"लॅपटॉप बंद करून चालू करा," मी वैतागून म्हटलं.

"केला की. मग सवयीनं जुनं नाव टाकलं, तर झुंबरबाई लगेच उघडली. बनुबाई म्हनून पेशंट आल्यात, त्यांची फाईल मिळाली. डॉक्टर अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरतायत."

मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

झुंबरबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी. जिन्याखालच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता. रोज सकाळी त्या आधी त्याचं बटण दाबायच्या, मग फरशीला हात लावायच्या. थट्टेत मीच त्याला त्यांचं नाव दिलं. जामखेडहून विचारायचे, "झुंबरबाई उठली का?" मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर नवा कॉम्प्युटर लावायचा होता, त्या नादात मी मातीलाही गेले नाही. जुन्याची विजेची वायर मी माझ्या हातानं काढून, गुंडाळून ठेवली होती.

मी पिंग केलं, म्हणजे त्या नावाला हाक मारून कुणी ओ देतं का ते पाहिलं. चार हाका गेल्या आणि चारही वेळा ओ आली. खोटं कशाला सांगू, भर उजेडात मी भ्याले. मला वाटलं, मावशी जाब विचारायला आल्या.

मग डोकं ठिकाणावर आलं. जुन्या कॉम्प्युटरात मावशी गेल्या त्या दिवसापर्यंतच्याच फायली होत्या! नव्याचा आकडी पत्ता मला पाठ होता. तो टाकून बनुबाईंची फाईल उघडली. दिवाळीतली नोंद लाल अक्षरांत होती: ह्याच इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला.

"सिस्टर, सुई थांबवा! पळा!"

तिकडे फोन टेबलावर आपटला. मग कितीतरी वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला.

"थांबवली," रूथ धापा टाकत म्हणाली. "दंडाला स्पिरिट लावून झालं हुतं, ताई."

चूक माझीच होती. नावांचे पत्ते कुणाला विचारायचे, ह्याच्या व्हीपीएनमधल्या यादीत पहिला नंबर अजून जुन्या कॉम्प्युटरचाच होता. वर्षभर तो बंद, म्हणून सगळे दुसऱ्याला विचारत होते. आज पहिला उठला आणि त्याला नवं कुणीच माहीत नव्हतं. पण त्याला उठवलं कुणी?

मी नगरला हनुमंतमामांना मोबाईल लावला. ते आमचे वॉचमन आणि मावशींचे यजमान.

"मीच वायर जोडली," ते म्हणाले. "आज वर्षश्राद्ध हाय तिचं. रोज आदी ह्येचंच बटन दाबायची. म्हनलं, आज आपन दाबावं. लई दिसांनी खोलीत आवाज झाला बगा. हितंच बसलोय."

त्यांच्या मागे ती जुनी घरघर मलाही ऐकू येत होती. मी त्यांना बनुबाईंचं सगळं सांगितलं.

"मामा, बंद करावा लागेल."

"व्हय. पर माज्या हातानं न्हाई. येकदा अग्नी दिलाय तिला. तुमीच करा."

मी पारनेरला बसून त्याला बंद व्हायला सांगितलं. घरघर बारीक होत गेली आणि थांबली. यादीतला जुना नंबर पुसला. मामा फोन धरूनच होते.

"तवा तुमी आला न्हाईत," ते म्हणाले.

"चुकलं मामा."

"शेवटच्या दिवशी तुमच्याबद्दलच इचारत हुती. म्हनं, पंकजाताई नव्या मशीनला बी माजंच नाव ठिवनार का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हनलं, व्हय. त्यांनी मला सोता सांगितलंय."