कावळे कुणीकडे बघतात

फाटक लावून ते दोघं घळीच्या वाटेला लागले, तेव्हापासूनच कावळे ओरडत होते.

"आपल्यालाच शिव्या घालतायत," रॉइस पुढे चालता चालता म्हणाला. "तुझी टोपी बघून."

"टोपी तुझ्या बायकोने विणलीय. सांगते तिला."

"सांग. पण घरी गेल्यावर. आता तोंड बंद, आणि बसलीस की बूड हलवायचं नाही. कळलं?"

नीवाने टोपी कानांवर ओढली. गेल्या शनिवारी एक कायोटी, म्हणजे इकडचा रानकोल्हा, समोर येत असताना तो परत वळतोय असं तिला वाटलं, आणि ती घाईने उठून उभी राहिली. कायोटी निसटला. तो निसटला त्याचं दुःख एकीकडे, पण रॉइसने, तिच्या सख्ख्या भावाने, तो किस्सा पशुखाद्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे जमेल तिथे सांगितला होता. काल खानावळीतल्या डॉटीने कॉफी ओतताना तिला विचारलं होतं, "काय नीवा, बसून पितेस की उभ्यानेच?"

हसण्यावारी न्यावं असं प्रकरण नव्हतं, हेही खरंच. आठवड्याभरात मेंढ्या व्यायला लागणार होत्या. मागच्या वसंतात कायोटींनी इतकी कोकरं उचलली की रॉइस पहाटे कुरणात जायला घाबरायचा. कळप दोघांचा होता, निम्मा निम्मा. जनावराला भुलवून जवळ आणणारी पिपाणी तो वाजवायचा, नेम तिचा चांगला होता.

तिने मागे वळून पाहिलं. कावळे त्यांच्या डोक्यावरच्या झाडांत नव्हते. जी झाडं ते ओलांडून आले होते, त्यांच्यावर बसले होते.

"चल गं," रॉइस म्हणाला. "पाखरं नंतर बघ."

घळीच्या एका बाजूला माणसाच्या दीडपट उंचीचा दगडी कडा होता. त्याच्या पायथ्याशी, पाठ खडकाला टेकवून रॉइस बसला. पाठ झाकली की निम्मी काळजी गेली, असं तो नेहमी म्हणे. नीवा घळ ओलांडून समोरच्या उतारावर गेली, वारा ज्या बाजूला वाहत होता त्या बाजूला. कायोटी आवाजावर सरळ येत नाही. लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो, वास घेतो आणि मग ठरवतो. म्हणून बंदूक तिथे. इतक्या अंतरावरून, तेही वाऱ्याच्या उलट, हाक पोचली नसती. त्यात ट्रॅक्टर आणि बंदुकांनी रॉइसचा डावा कान कधीच निकामी केलेला होता.

नियम एकच. पिपाणी वाजते आहे तोवर वाजवणारा मालक. दुसऱ्याने हलायचं नाही, खोकायचं नाही, नाकाला खाज सुटली तर सुटू द्यायची. वाजवणाऱ्याने हात वर केला की गोळी. त्याआधी काही नाही.

रॉइसने सुरुवात केली.

जखमी सशाचा आवाज ज्याने ऐकला नाही, त्याला तो ससा वाटतच नाही. तान्हं मूल रडत असावं आणि मध्येच कुणीतरी त्याचा गळा धरावा, तसं काहीतरी वाटतं. हल्ली शहरातले शिकारी स्पीकरचा डबा लांब झुडपात ठेवून आपण भलतीकडे बसत. रॉइसला ते मान्य नव्हतं. "डब्याला फुप्फुसं नसतात," तो म्हणायचा. त्याच्या शिकारीत आवाज जिथे असे, तिथे तो स्वतः असे.

आधी मॅगपाय आले. काळे-पांढरे, लांब शेपटीचे, एरवी एवढे बडबडे पक्षी. पण आले ते मुकाट. झुडपावर बसून एका डोळ्याने बघायचं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने. त्यांच्यामागून डोंगराच्या धारेवरून कावळे आले. ते रॉइसच्या वरून घिरट्या घालत होते, ससा शोधत होते, आणि तो सापडेना तसे पुन्हा फिरत होते. एक ससाणा कुठून तरी निसटल्यासारखा खाली आला, रॉइसच्या टोपीवर झेपावला आणि टोपीत जीव नाही हे कळताच वाकडा होऊन निघून गेला. रॉइसची मानसुद्धा हलली नाही.

चांगला आहे, नीवाला वाटलं. छळवादी आहे, पण चांगला आहे.

मग त्याने गळ्यातली दुसरी पिपाणी काढली, कावळ्याची. ही त्याची खास करामत. तीन आखूड, निवांत कावकाव: या, खायला आहे, सगळं ठीक आहे. कायोटी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो तो कावळ्यांवर. कावळे जिथे आरामात खातायत तिथे माणूस नसतो, हे त्याला ठाऊक असतं.

बराच वेळ काहीच घडलं नाही. नंतर झुडपातले काळ्या टोपीचे चिमुकले पक्षी, जे मघापासून चिवचिवत होते, ते थांबले. ससाण्यामुळे, नीवाने स्वतःला सांगितलं. पण ससाणा जाऊन तर वेळ झाला होता.

मॅगपाय उडाले आणि कड्यावरच्या वाळक्या पाइनच्या शेंड्याला जाऊन बसले. कावळेही एकेक करून त्याच झाडावर उतरले. त्यांचा आवाज बदलला होता. आता तो लांब होता, घशातून ओढलेला, खरखरीत, आणि दोन ओरडण्यांच्या मध्ये जागाच उरली नव्हती.

रॉइसचे खांदे खुशीने वर आले. तिला लांबूनही ते कळलं. कावळे तापले की कायोटी वाटेवर आहे समज, हे त्याने तिला हजारदा सांगितलं होतं. त्याने कावळ्याची पिपाणी पुन्हा तोंडाला लावली आणि त्यांना उत्तर दिलं. ते अजून मोठ्याने ओरडले. याने त्यांच्याहून मोठ्याने वाजवली.

कायोटी असता तर कावळे हलले असते, नीवाच्या मनात आलं. कायोटी एका जागी थांबत नाही. तो पुढे सरकतो तसे कावळेही या झाडावरून त्या झाडावर सरकतात. हे हलत नव्हते. खाली काहीतरी होतं आणि ते स्थिर होतं. घुबड? घुबडाला कावळे सोडत नाहीत, पाठीत चोची मारायला झेपा घेतात. इथे एकही झेप घेत नव्हता. सगळे उंच फांद्यांवर अंग चोरून बसले होते, माना खाली, आणि सगळ्यांच्या चोची एकाच जागेकडे.

कड्याच्या माथ्याकडे. रॉइसच्या टोपीच्या बरोबर वर.

तिने रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि कड्याची कडा इंच इंच पाहिली. दगड, बर्फाचा पातळ थर, वाळलेलं गवत, एक मूळ. सगळं तपकिरी. काहीच नाही. जे दिसत नाही त्याच्यावर गोळी झाडायची नसते, तेही भावाच्या डोक्याच्या वर.

उठावं तर? कायोटी आलाच असेल, आत्ता तिच्या मागच्या झुडपात वास घेत उभा असेल, तर तो गेला. पुन्हा. कोकरं गेली. डॉटी या वेळी खुर्चीच उचलून नेईल. आणि रॉइस तिला परत कधी बरोबर आणणार नाही. ती बसून राहिली. आपण भित्र्या आहोत की शिस्तीच्या, ते तिला ठरवता येईना.

रॉइसने आता शेवटचा भाग धरला. ससा मरायला टेकला आहे. आवाज बारीक, तुटक, नुसती कण्हण्याची धाप. भल्या भल्या लबाड जनावरांना याचाच मोह आवरत नाही.

आणि कावळे गप्प झाले. सगळे, एकदम.

एक मॅगपाय फांदीवरून वाकून बघत होता. कड्यावरून थोडंसं भुरभुरीत बर्फ घसरलं आणि रॉइसच्या डाव्या खांद्यावर पडलं. त्याला वाटलं असेल, वारा आहे. तो कण्हतच राहिला.

नीवा उभी राहिली. रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, घसा फाटेपर्यंत ओरडत.

रॉइसने तिच्याकडे बघितलं. पिपाणी तोंडातच होती. मग त्याने ती काढली आणि त्याचे ओठ हलायला लागले. शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कोणते होते ते तिला न ऐकताच कळले. संतापाने तो ताडकन उठला, हात पसरले, बर्फावर पाय आपटला. ससा नाहीसा झाला आणि त्या जागी एक दांडगा, चिडलेला माणूस उभा राहिला.

झाडावरचे कावळे फुटल्यासारखे वर उडाले. कड्याच्या माथ्यावर जे तिने गवत म्हणून पाहिलं होतं, तेच मागे सरकलं. पाठ दिसली, मग जाडजूड लांब शेपूट, काळ्या टोकाची. ते जनावर येताना तिला दिसलं नव्हतं. दिसलं ते जाताना.

*

"कायोटीच असेल," वर चढून आल्यावर रॉइस म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नखं दाखव मग. कायोटीच्या पावलात नखं उमटतात."

त्याने ठशावर आपला तळवा ठेवला. ठसा जवळजवळ तेवढाच होता, मांजराच्या पावलासारखा गोल, नखांशिवाय. बर्फात पोट टेकल्याचा लांबट खड्डा होता आणि त्याचा तळ वितळून काचेसारखा झाला होता. असं व्हायला जरा वेळ लागतो. मागे शेपटीने दोन्हीकडे झाडल्यासारखं केलं होतं.

रॉइस त्या खड्ड्यात पालथा झोपला आणि त्याने हात खाली सोडला. बोटं त्याच्या बसायच्या जागेवर लोंबकळली.

"प्यूमा," तो म्हणाला.

"हं."

"मला वाटलं कायोटी येतोय म्हणून ओरडतायत. मी त्यांना उत्तरं देत बसलो, नीवा."

"माहितीय. ऐकत होते मी."

"चार शिव्या तरी घातल्या असत्यास."

"घातल्या. तुला ऐकू येतं कुठे?"

तो हसला नाही. उठला, गुडघे झाडले आणि न सांगता आपली जागा बदलली. येताना तो पुढे होता. आता तो मागे राहिला, तोंड मागे करून, एक हात तिच्या पाठीवरच्या पिशवीला धरून.

थोडं चालल्यावर नीवा थांबली. बर्फात त्यांचेच येतानाचे बुटांचे ठसे होते. रॉइसच्या टाचेच्या ठशावर एक गोल पाऊल नीट पडलेलं होतं. पुढच्या ठशावर दुसरं. त्याच्या पुढेही. वाट फाटकाकडे वळली तिथपर्यंत ते तसेच होते, न घाई करता, एकावर एक.

"पिपाणीच्या आधीपासून," ती म्हणाली. "आपण यायला लागलो तेव्हापासून."

"म्हणजे सशासाठी आलाच नव्हता तो."

"नाही."

डावीकडच्या पाइनमध्ये कावळे ओरडत होते. त्यांच्याच चालीने पुढे सरकत होते.

"बोलतायत का?" रॉइस दर थोड्या वेळाने विचारी. त्या बाजूचा त्याचा कान मेलेला होता.

"बोलतायत."

"कुठे बघतायत?"

"डावीकडे. आपल्या बरोबरीने. चालत राहा."

पिकअप फाटकाच्या आत उभी होती. दोघं शिरले, दारं लागली, इंजिन सुरू झालं. रॉइसने गाडी फाटकातून बाहेर काढायला घेतली आणि नीवाचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला. या मुलुखात शेजारी बसलेल्याने उतरून फाटक लावायचं असतं. आजारी असो, म्हातारा असो, उतरायचंच. आणि पलीकडच्या कुरणात व्यायला टेकलेल्या मेंढ्या होत्या.

"थांब," रॉइस म्हणाला. त्याने गाडी फाटकाच्या मधोमध थांबवून बंद केली, काच बोटभर खाली घेतली. "मला तर काहीच ऐकू येत नाही. तुला?"

"नाही. गप्प झालेत."

"कधीपासून?"

"आत्ता, आपण आत बसताना."

त्याने गळ्यातली कावळ्याची पिपाणी चाचपली, ओठांपर्यंत नेली, हलकेच फुंकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फुंकायच्या आत त्याचा हात थांबला. कावळ्यांच्या भाषेतलं एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. या, खायला आहे. त्याने पिपाणी खाली सोडली आणि काच वर घेतली.

"उतरू नकोस," तो म्हणाला. "फाटक उघडं राहिलं तर राहिलं."

"उघडं कुठे राहतंय? गाडीच आडवी आहे ना. अशीच राहू दे. जोलीनला फोन कर, कुत्री आणि दुसरी गाडी घेऊन ये म्हणावं. आणि तिलाही सांग, खाली उतरायचं नाही."

त्याने फोन लावला. बायकोशी बोलताना तो वाद न घालता, नीवाचेच शब्द जसेच्या तसे सांगत होता.

फाटकाच्या खांबामागे एक जुना पाइन होता. त्याच्यावर पहिला कावळा येऊन बसला, मग दुसरा. बघता बघता झाड भरलं. एकही ओरडला नाही. माना खाली होत्या, फाटकालगतच्या चरीकडे. नीवा चरीकडे बघत नव्हती. ती कावळ्यांकडेच बघत होती.

हळूहळू त्यांच्या चोची वळल्या. चरीवरून खांबाकडे. खांबावरून पिकअपच्या मागच्या चाकाकडे. तिथे थोडा वेळ थांबल्या.

"आता कुठे बघतायत?" रॉइसने कुजबुजत विचारलं.

नीवाने दाराची कळ दाबून पाहिली. आधीच लागलेली होती. काचेला टेकलेला खांदा तिने आत घेतला.

"माझ्या दाराकडे," ती म्हणाली.