मुंबई ते टोरांटो, डब्यातले एकवीस मोदक

मित्रांनो, मी एक जुनी मरून बॅग आहे. जुनी म्हणायची मला लाज नाही. आजकालच्या चाकांच्या बॅगा दोन फेऱ्यांत लंगडतात, मी अजून ताठ आहे. कुर्ल्याच्या एका गाळ्यात माझी शिलाई झाली. नाहूरच्या द्रौपदीबाईंनी दुकानात माझी चेन सात वेळा ओढून बघितली, तेव्हा कुठे मला घरी नेलं. त्यांचा सुशांत पहिल्यांदा टोरांटोला गेला तो मला घेऊनच. किती सामान मावतं हिच्यात, असं कौतुकही करायचा. पुढे त्याने नव्या बॅगा घेतल्या आणि एका फेरीत मला आईकडे आणून टाकलं. सहा वर्षं मी पोटात चादरी घेऊन कपाटावर बसले. कोणी साधी धूळ झटकली नाही.

यंदा द्रौपदीबाई एकट्याच टोरांटोला निघाल्या. नात अबोली पाच वर्षांची होणार होती. केक नको, आजीच्या हातचे मोदक हवेत, असं तिने फोनवर बजावलं होतं. बाईंनी सुशांतला विचारलं, किती लांब आहे रे? तो घाईत होता. साडेबारा हजार किलोमीटर, बाकी सगळं तिकिटावर आहे, म्हणाला आणि फोन ठेवला.

बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण आकडे वाचता येतात. मुंबईहून सकाळी दहा, टोरांटोला त्याच तारखेला रात्री आठ. म्हणजे दहा तास. देवगडची एसटी बारा घेते, त्यापुढे विमानाला दहा पुष्कळ झाले, असं त्यांनी शेजारच्या प्रेमाला ऐकवलं. वाढदिवसाच्या पहाटे एकवीस उकडीचे मोदक वाफवून केळीच्या पानावर डब्यात रचले आणि डबा माझ्या पोटात ठेवला. मी हा प्रवास केलेली, मला खरं ठाऊक होतं. पण बॅगेला कोण विचारतं?

मधल्या विमानतळावर मी उन्हात तापले. विमानात तिसऱ्यांदा ताट आलं तेव्हाच हिशेब चुकल्याचं कळलं, असं बाई नंतर म्हणाल्या.

घरी डबा उघडला. आंबूस वास सुटला. अबोलीने पुढे केलेला हात बाईंनीच धरला.

"आई, साडेएकोणीस तास लागतात," सुशांत म्हणाला. "तिथलं घड्याळ वेगळं, इथलं वेगळं."

"मग हे फोनवर सांगताना तुझी जीभ झिजली असती?"

दुसऱ्या दिवशी सुशांतने रजा टाकली, नारळ शोधून आणला आणि आईसमोर बसून खवला. अबोलीने पाच ताजे मोदक खाल्ले. मी वास जावा म्हणून गॅलरीत उघडी पडले होते, मला सगळं दिसत होतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, चेनला मेण लावा, बरंच वाटेल मला. पण घरातलं थोरलं माणूस 'किती लांब आहे रे' असं विचारेल, तेव्हा नुसते किलोमीटर तोंडावर फेकू नका. शेजारी बसा आणि नीट सांगा. त्या माणसाने तुमच्यासाठी काय शिजवायचं ठरवलंय, ते तुम्हाला कुठे माहीत असतं?